बाबालाल, देवघरावरचा बॉक्स उघडला

"बाबालालला लाल-काळं कळत नव्हतं. वीस वर्सं आमच्या घरात चुकीची वायर जोडून ठेवली हुती त्यानं. मेन बंद करूनबी सॉकेटात करंट येतो, म्हंजे काय? माझा हातच मोडला, दुसऱ्या कुणाचा जीव गेला असता."

हे विधान माझ्या सख्ख्या धाकट्या भावाचे, सुभेदार शंकरचे. तू गेल्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी, तुझ्या जियारतीला, सांगलीत तुझ्याच अंगणात बसून आणि प्लास्टरमधला हात छातीशी धरून त्याने ते केले. ऐकणारे आठदहा जण होते. त्यांनी माना हलवल्या. एकाने "व्हय, वय बी झालं हुतं की" अशी पुस्ती जोडली. बाबालाल, हे विधान खोटे आहे. त्यातले पहिले वाक्य मात्र खरे आहे, आणि ते शंकरला माझ्याच तोंडून कळले. तेव्हा उरलेले खोडून काढण्याचे काम दुसऱ्या कोणाकडे सोपवता येत नाही.

तुझा जन्म कुठला, मुले किती, घरे किती उजळलीस, हे ज्यांना लिहायचे ते लिहोत. त्यात वादाला जागा नाही, आणि जिथे वादाला जागा नाही तिथे आपल्या दोघांना कधी करमले नाही. मला फक्त एका घराविषयी, एका सॉकेटविषयी लिहायचे आहे.

पण त्याआधी ती मिरच्यांची गोष्ट सांगणे भाग आहे. मीच फोडलेले गुपित आता मीच नीट सांगितले पाहिजे, नाहीतर ते शंकरच्या शब्दांत शिल्लक राहील.

साताऱ्याच्या तंत्रशाळेत मी वायरमनचा वर्ग शिकवीत होतो आणि तू माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान, सांगलीहून आलेला विद्यार्थी होतास. प्रात्यक्षिक परीक्षेत फळीवरच्या सोळा वायरी ओळखून जोडायच्या होत्या. बाकीचे वायरींकडे डोळे फाडून पाहत होते. तू खिडकीबाहेर पाहत होतास, आणि तुझी बोटे वायरींवरून फिरत होती. सोळाही जोडण्या बरोबर आल्या. मी फळी उलटी करून पाहिली. प्रत्येक वायरीच्या टोकाशी मेण लावलेला जाड दोरा गुंडाळून गाठी मारलेल्या होत्या, कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन. तुझे वडील गाद्या शिवत असत. दोरा त्यांचा होता. गाठी तू आदल्या दिवशी, सरावाच्या वेळी, मित्राला रंग विचारून मारल्या होत्यास.

मी तुला मागच्या अंगणात नेले. शिपायाची बायको सुपात मिरच्या निवडत बसली होती.

"यातल्या लाल वेगळ्या कर," मी म्हणालो.

तू एक मिरची उचलून दाबलीस. "ही वाळलीया मास्तर, म्हंजे लाल असंल."

"आणि ही?"

"ही वली हाय. आता वली लालबी असती आन् हिरवीबी असती. तुमीच सांगा की."

शिपायाची बायको हसून म्हणाली, "अरं लेकरा, लगीन ठरवताना बायकूला लुगड्याचा रंग इचारून घे रं!"

तुला लाल, काळा, तपकिरी सगळे एकाच अंधाऱ्या रंगाचे दिसत होते. नियमाने मी तुला तिथेच नापास करायला हवे होते. मी केले नाही. दयेपोटी केले नाही, असे तू पुढे मलाच ऐकवायचास; तेही मी इथे खोडून काढतो. ज्यांचे डोळे उत्तम होते अशा दोघांनी त्या दिवशी वायरी उलट्या जोडल्या होत्या आणि तुझी एकही चुकली नव्हती. मी काम पाहिले. आणि एक अट घातली: आयुष्यात एकही वायर दोऱ्याशिवाय सोडायची नाही. करंटच्या वायरीला एक गाठ, सॉकेटच्या परतीच्या, म्हणजे न्यूट्रलच्या, वायरीला दोन, दिव्यांच्या परतीच्या वायरीला तीन. ज्या दिवशी एक वायर बिनदोऱ्याची सुटेल, त्या दिवशी पक्कड खाली ठेवायची. तू कानाला हात लावून "कबूल" म्हणालास. हे आपल्या दोघांत राहिले, पन्नास वर्षे.

त्या पन्नास वर्षांत आपण किती भांडलो! माझा मीटर आणि तुझा दिवा. साध्या होल्डरला दोन वायरी जोडलेला साठचा बल्ब, एवढे तुझे हत्यार. तो लागला तर करंट आहे, नाही लागला तर नाही, एवढे तुझे शास्त्र. दर खंडेनवमीला तू साताऱ्याला येऊन माझ्या हत्यारांच्या पूजेत तो दिवा मांडायचास आणि म्हणायचास, "मास्तर, तुमच्या मीटरला जरा सरकून बसायला सांगा." मी सरकवायचो. आधी कुरकुरायचो, मग सरकवायचो.

आणि मलकापूर! तू गावोगाव सांगत सुटलास की मलकापूरच्या त्या बंगल्यातला दोष तुझ्या दिव्याने शोधला. एका खोलीत दिवे मिणमिणते, दुसऱ्या खोलीत टीव्ही जळालेला. बाहेर खांबावरची परतीची तार सैल झाली होती आणि घरातल्या खोल्यांत व्होल्टेजची वाटणी बिघडली होती. तू सॉकेटला बल्ब लावलास, तो पांढराफेक पेटला आणि फुटला. बाबालाल, बल्ब फुटणे म्हणजे निदान नव्हे. तो फुटण्याआधी माझ्या मीटरवर तीनशेच्या वरचा आकडा आलेला होता आणि मी तो कागदावर लिहिलाही होता. हे मी तुला तेव्हा सांगितले होते, आज पुन्हा सांगतो. तू मेलास म्हणून मलकापूर तुझे होत नाही.

आता रहिमतपूर.

शंकरच्या घराची वायरिंग वीस वर्षांपूर्वी तू केलीस. मी म्हणालो होतो की दिव्यांचा मार्ग वेगळा ठेव, सॉकेटचा वेगळा. तू ठेवलास. काळ्या वायरीचे बंडल कमी पडले म्हणून दिव्यांच्या परतीसाठी तपकिरी वायर मी स्वतः बाजारातून आणून दिली. "रंग कंचा आणलाय?" असे तू विचारलेस आणि आपण दोघेच हसलो. शंकरला कळले नाही आपण का हसतो.

वीस वर्षे काही तक्रार नव्हती. गेल्या वर्षी शंकरने एका दुकानातून इन्व्हर्टर घेतला, त्यांच्याच माणसाने तो बसवून दिला. दिवे आणि पंखे इन्व्हर्टरवर, सॉकेट नाहीत. मग गेल्या महिन्यात स्वयंपाकघरातल्या सॉकेटला तडा गेला. शंकर फौजेतला गडी. माणूस बोलावणे त्याला कमीपणाचे वाटते. त्याने मेन बंद केला. इन्व्हर्टरमुळे दिवे चालूच राहिले, पण सॉकेट त्यावर नाही, तेव्हा भीती नाही, असा त्याचा हिशेब होता. करंटच्या बाजूला टेस्टर लावला, नाही लागला. तेथपर्यंत त्याचे काहीही चुकले नाही. मग त्याने परतीच्या वायरीचा स्क्रू धरला. परतीच्या वायरीला टेस्टर कोण लावतो? झटका बसला, तो स्टुलावरून पडला आणि मनगट मोडले.

"दादा, तुझ्या त्या बाबालालला बोलवून घे," एवढेच तो फोनवर म्हणाला. पण 'तुझ्या त्या' हे शब्द त्याने असे उच्चारले की मी साताऱ्याहून एसटीत बसलो तेव्हा माझे डोके आधीच तापलेले होते. तू सांगलीहून पॅसेंजरने आलास. स्टेशनपासून चालत. पिशवीत दिवा, दोरा आणि जैनबवहिनींनी दिलेली भाकरी.

आपण मेन बंद केला, दिवे इन्व्हर्टरवर चालू ठेवले. परतीच्या छिद्रात आणि अर्थिंगच्या छिद्रात मी मीटर लावला. एकशेदहा. बंद घरातल्या, बंद सॉकेटच्या, ज्या वायरीत काहीच नसायला हवे त्या वायरीत एकशेदहा व्होल्ट. तू त्याच दोन ठिकाणी दिव्याच्या वायरी टेकवल्यास. बल्ब काळाच राहिला.

"मास्तर, बल्ब लागंना."

"मीटर एकशेदहा दाखवतोय."

"दाखवू द्या की. पोकळ हाय त्ये; मानूस दचकंल, पर बल्ब पेटनार न्हाई. करंटची वायर असती तर बल्ब भडकला असता. ही परतीचीच वायर हाय, पर माझ्या बोर्डावर जात न्हाई. कुनीतरी सोडवून दुसऱ्याच्या गळ्यात बांधलीया. देवघराच्या दारावरचा बॉक्स उघडू द्या. दोन मिंटं."

"एकबी बॉक्स उघडायचा न्हाई," शंकर खाटेवरून गरजला. "परवाच रंग दिलाय साऱ्या भिंतीला. झाकणाला हात लावला तर पापुद्रा निघंल. आधी माझा हात मोडलाय, आता भिंत मोडा!"

"सुभेदारसाब, भिंत न्हाई वो मोडत. चार स्क्रू हायत."

"ऑर्डर इज ऑर्डर!"

बाबालाल, इथे मी एक वाक्य बोलायला हवे होते: शंकर, बॉक्स उघडायचा. तो माझा धाकटा भाऊ आहे, माझे ऐकले असते. शिवाय जो मीटर फारसा प्रवाह घेत नाही, तो कुठेही न बांधलेल्या वायरीतही आकडा दाखवतो, आणि अशा वेळी दिव्याचे ऐकायचे असते, हा धडा मी तीस वर्षे वर्गात शिकवला. तू तो माझ्याकडूनच शिकलास. माझाच धडा तू माझ्यापुढे धरलास आणि मला ओळखू आला नाही, कारण तो तुझ्या बल्बाच्या तोंडून आला होता.

मी म्हणालो, "उघडायची गरज नाही. वीस वर्षांपूर्वी सॉकेटची परतीची वायर दिव्यांच्या जुडग्यात मिसळली गेली आहे. मेन बंद केला की सगळे घर बंद होत होते, तोवर ते झाकून राहिले. इन्व्हर्टर आला, दिवे वेगळे झाले आणि चूक वर आली."

तर्क म्हणून तो आजही मला उत्तम वाटतो. एखाद्या विद्यार्थ्याने मांडला असता तर मी पूर्ण गुण दिले असते. फक्त तो तपासलेला नव्हता.

"मिसळली कशी?" शंकरने विचारले.

आणि मी सांगितले. "कारण याला लाल-काळं कळत नाही. पन्नास वर्षांपासून कळत नाही. मीच पास केला होता."

तू माझ्याकडे पाहिलेही नाहीस. दिव्याच्या दोन वायरी होल्डरभोवती सावकाश गुंडाळल्यास, जशा नेहमी गुंडाळायचास तशा. शंकरची बायको चहा घेऊन आली होती. कप तुझ्या हातात दिला, तू तो तसाच ओट्यावर ठेवलास. दारात पायताण घालताना म्हणालास, "मास्तर, फकस्त दोरा मोजायचा हुता." मग स्टेशनच्या रस्त्याला लागलास. तुझी पाठ वळणाआड जाईपर्यंत मी खिडकीत उभा होतो. हाक मारण्याइतके अंतर बराच वेळ होते.

त्यानंतर अकरा दिवस तू होतास. अकराही दिवस माझा फोन माझ्याजवळ होता, चालू होता, आणि तुझा नंबर मला पाठ आहे. तूही केला नाहीस, हे मी नोंदवून ठेवतो. पण करायचा होता तो मी. रोज सकाळी मी ठरवायचो की आज बोलेन, आणि बोलण्याची सुरुवात मनात जुळवताना प्रत्येक वेळी ती 'तू तरी समजून घ्यायला हवे होतेस' अशीच व्हायची. मग राहून जायचे. बाराव्या दिवशी तुझ्या घरून फोन आला.

काही जण म्हणतात तू त्या अपमानाने खचलास. काही म्हणतात, हृदय तीन वर्षांपासून अशक्तच होते. हा एकच वाद असा आहे ज्यात मी उतरणार नाही. मला तपासता येत नाही, आणि न तपासता बोलण्याचा परिणाम मी पाहिला आहे.

जियारतीला शंकर ते बोलला तेव्हा मी गप्प बसलो. आयुष्यात कुठल्या सभेत गप्प बसलो नाही, तुझ्या अंगणात बसलो. उठून काय म्हणणार होतो? त्याने माझेच वाक्य परत म्हटले होते. मंडळी पांगल्यावर जैनबवहिनी आतून आल्या. हातात तो दिवा होता.

"ह्यो तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या, मास्तर. हितं कुनाला कळत न्हाई त्यातलं."

"घरी येऊन काही बोलला का?"

"न्हाई वो. मला म्हनलं, दोऱ्याचं रीळ आण. मीच मेण लावून द्याची न्हवं का, सासऱ्यांच्या मागं. मोजत बसलं हुतं बोटानं. म्या म्हनलं, काय मोजताय? तर म्हनलं, कुठं ऱ्हायला असंल का, आठवतोय."

"माझ्यावर रागावला होता?"

वहिनींनी दिवा माझ्या मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "म्हनलं, मास्तरांनी पन्नास वर्सं झाकलं, एक दिस उघडं पडलं. एका दिसाचं काय धरायचं?"

बाबालाल, हे तुझे म्हणणेही मी मान्य करीत नाही. एका दिवसाचेच धरायचे असते. वायरमनचे पन्नास वर्षांचे बरोबर काम कोणी मोजत नाही, एक झटका मोजतात. तुझ्या बाबतीत मी तेच केले. माझ्या बाबतीत तू उदार होण्याचे कारण नव्हते. आणि तू, माझ्या बोलण्यानंतर, घरी बसून वीस वर्षांपूर्वीच्या वायरी आठवून आठवून मोजत होतास! स्वतःवर शंका घ्यायला मी तुला लावले. याबद्दल जे म्हणायचे ते मला या कागदावर लिहिता येत नाही. कबरीशी म्हणालो आहे. तिथे वाद घालायला तू नव्हतास, म्हणून लवकर संपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिवा आणि पेचकस घेऊन रहिमतपूरला गेलो.

"दादा, आता मेलेल्या मानसाची वकिली करतोस व्हय?" शंकर म्हणाला.

"हो."

"रंग खराब हुईल."

"मी परत देईन. स्टूल धर."

माझे गुडघे तुला ठाऊक आहेत. शंकरने डाव्या, धडधाकट हाताने स्टूल धरले आणि मी मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करून एकेक झाकण काढत गेलो. रंगाचे पापुद्रे त्याच्या डोक्यावर पडत होते आणि तो प्रत्येक पापुद्र्याला हूं हूं करीत होता. सात बॉक्स उघडले. सातही ठिकाणी दोरा होता. मेण काळे पडले होते, गाठी जशाच्या तशा. एक, दोन, तीन. तिसऱ्या बॉक्सनंतर मी पाहणे सोडून दिले आणि डोळे मिटून बोटाने मोजू लागलो. डोळ्यांपेक्षा ते लवकर होते. हे मला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कळले.

शेवटी देवघराच्या दारावरचा बॉक्स. जो तू दोन मिनिटांत उघडणार होतास.

बोर्डाकडून येणारी सॉकेटची परतीची काळी वायर तिथे कापलेली होती. टोक दुमडून, टेप लावून मागे खोचलेले. तिच्यावर दोरा, दोन गाठी. स्वयंपाकघराकडे जाणारा तिचाच उरलेला तुकडा: दोरा, दोन गाठी. दिव्यांची तपकिरी वायर: दोरा, तीन गाठी. तुझे वीस वर्षांपूर्वीचे सगळे जागेवर होते. तो तुकडा आणि ती तपकिरी वायर ही दोन्ही मिळून एका तिसऱ्या, नव्या, चकचकीत काळ्या वायरीला पिळून बांधलेली होती. मी स्टुलावरूनच नजरेने भिंतीवरून तिचा माग काढला. ती इन्व्हर्टरच्या पाठीत शिरत होती.

"त्यो दुकानाचा मानूस लय हुशार हुता," शंकर खालून म्हणाला. आवाज उतरला होता. "रंग बघून झटाझट जोडायचा."

रंग बघून. परतीची म्हणजे काळी, एवढेच त्याला ठाऊक. म्हणून त्याने दिव्यांची समजून सॉकेटची काळी कापली आणि इन्व्हर्टरला दिली. दिवे लागले नाहीत. मग तपकिरीही त्यातच पिळली. दिवे लागले, तो गेला. ती तपकिरी वायर मी आणलेली होती, हेही मी लिहून ठेवतो. स्वयंपाकघराची परतीची वायर त्या दिवसापासून इन्व्हर्टरच्या गळ्यात होती आणि मेन बंद होताच माझ्या मीटरला एकशेदहाचा भास दाखवत होती. तुझा बल्ब काळा राहिला, तो बरोबर होता. मलकापूर माझे. रहिमतपूर तुझे.

शंकर म्हणाला, "पर दादा, ही जोडणी बाबालालनंच मागनं केली नसंल कशावरनं? कोन सांगणार?"

मी स्टुलावरून उतरलो नाही. त्याचा चांगला हात वर घेतला, त्याचे बोट त्या नव्या काळ्या वायरीवर ठेवले, आणि पिळापासून बॉक्सबाहेर पडेपर्यंत दोनदा फिरवले.

तिच्यावर दोरा नाही.